पायरीवरचा पुसट माणूस

माझा नवरा गेला तेव्हा घरात त्याचा धड एक फोटो नव्हता. लोक यजमान म्हणतात, मालक म्हणतात. मी चारचौघांत त्याला 'अहो' म्हणायची, घरात भांडताना तोंडाला येईल ते म्हणायची. आता ऐकायला तो नाही, तेव्हा नवरा म्हटलं तरी चालेल.

फोटो नव्हता, कारण तो उंच होता. वाडीत लग्न असो की साखरपुडा, फोटोवाला आधी ओरडायचा, 'उंच माणसं मागे व्हा.' हा मागे जायचा. मग पुढच्या बाईचा गजरा, नाहीतर कोणाच्या तरी खांद्यावर बसलेलं पोर याच्या तोंडावर. त्यातून तोंड दिसलंच तर डोळे मिटलेले. त्याच्या बहिणीच्या लग्नातल्या फोटोत तो मानेपर्यंतच आहे. वरचं डोकं फोटोवाल्याने कापलं. सांगितलं नाही तर बघणाऱ्याला तो मांडवाचा खांब वाटेल.

आधार कार्डावर फोटो होता. बाराव्याला तोच मोठा करून पाटावर ठेवला. मोठा केल्यावर तो असा दिसायला लागला की पोलीस त्याला शोधत असावेत. एक म्हातारी फुलं वाहून, नमस्कार करून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "हा कुठला गो?" बँकेच्या पासबुकावर दुसरा होता, पण त्यावर नेमका नाकावर शिक्का.

आमच्याकडे माणूस गेल्यावर वर्षश्राद्धाला त्याचा फोटो भिंतीवर चढतो. माझे सासू-सासरे तिथे आहेत. सासऱ्यांनी कोट घातलाय, जो त्यांचा नव्हता. तरीही चेहरा त्यांचाच आहे. मला एवढंच हवं होतं की नवऱ्याचा चेहरा नवऱ्यासारखा दिसावा. देखणा दिसावा असं काही म्हणणं नव्हतं. तो देखणा नव्हताच.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा नणंदेचा केळशीहून फोन आला.

"वयनी, तू कशाला एवढी हैराण होतेस? दादाचा फोटो माझ्याकडं हाय. एकदम स्वच्छ. डोळे उघडे, तोंड समोर. मी फ्रेमपण करून घेतली."

"कुठचा फोटो?"

"नमनातला."

मी खाली बसले. आमच्या गावात नमन होतं, शिमग्यानंतर रात्रभर चालणारा नाच-सोंगांचा खेळ. त्यात बायकांची कामं पुरुषच करतात. नवरा तरणा असताना त्याला मिशी नीट फुटत नव्हती म्हणून गवळण केला होता. एवढी उंच गवळण बघायला शेजारच्या गावातून माणसं यायची. त्या वर्षी त्यांच्या मंडळाने रत्नागिरीत स्टुडिओत जाऊन पोशाखासकट एकेकाचे फोटो काढून घेतले. त्यात हा कॅमेऱ्याकडे सरळ बघतोय. नाकात नथ, ओठ लाल, डोक्यावरून पदर, कमरेवर हात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूने तो मला दाखवला होता. माझ्यापेक्षा बरा दिसत होता, त्याचा मला राग आला होता.

"बाय," मी म्हटलं, "तुझ्या बापाच्या शेजारी त्याला नथ घालून बसवू काय?"

"नथ जरा मोठी हाय. बाकी दादाच तो."

"भटजी काय म्हणतील?"

"भटजी काय फोटो बघायला येतात? आणि फोटोच नसण्यापरीस बरा की नाय? मी घेऊन येते."

माझी नणंद घेऊन येते म्हणाली की घेऊन येते. एकदा ती केळशीहून एस.टी.ने जिवंत कोंबडा घेऊन आली होती, मांडीवर बसवून. कंडक्टर नको म्हणत होता. तेव्हा मला घाई झाली.

मी मुलाला मुंबईला फोन लावला. तो विचार करून म्हणाला, "आये, माझा तो फोटो आठवतो? गणपतीला आलो होतो, खळ्यात काढलेला. कंपनीत द्यायला. त्यात मागे बाबा होते."

मला तो दिवस आठवत होता. कंपनीने मुलाला फोटो मागितला होता, कॉम्प्युटरवर लावायला. सुनेने इस्त्रीचा शर्ट दिला, केस बसवले आणि त्याला घरापुढच्या खळ्यात उभा केला. मागे घराची पायरी. पायरीवर नवरा बसला होता बनियनवर. एक पाय चपलेत, एक चपलेबाहेर. ही त्याची सवय होती. कधी उठावं लागेल सांगता येत नाही म्हणायचा, आणि उठायचा कधीच नाही. मी आतून ओरडले, "गणपती पाटावर बसले, आता तरी तुम्ही उठा." त्यावर त्याने मान वर केली आणि हसला. तेवढ्यात सुनेने फोटो काढला. तो फोटो मी तेव्हाच मोबाईलवर बघितला होता. नवऱ्याचं तोंड समोर होतं, डोळे उघडे होते, आणि पुढे कोणाचा गजरा नव्हता.

"पाठव लगेच," मी म्हटलं.

मुलाने तिकडे सुनेला काहीतरी विचारलं. मग म्हणाला, "पण मागचं ब्लर केलंय."

"म्हणजे?"

"पुसट. मागे बाबा बनियनवर होते, बनियनला भोकं होती, दोरीवर तुझा परकर होता, स्कूटरवर कोंबडी बसली होती. ऑफिसात सगळ्यांना दिसणार. म्हणून मी मागचं सगळं पुसट करून टाकलं. फक्त मी स्वच्छ."

"मग आधीचा पाठव."

"त्याच्यावरच सेव्ह केलं. आणि तो फोन गेला, आये."

मी फोन ठेवला. एवढं शिकवून मुंबईला पाठवलेल्या माणसाने बनियनच्या भोकांसाठी बाप पुसला, यावर मला काही सुचलं नाही. सुचलं ते नंतर फोन करून सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

तरी फोटो मागवला. माझ्या साध्या फोनवर येत नाही, शेजारणीच्या मोबाईलवर आला. पुढे मुलगा इतका स्वच्छ की दाढी करताना राहिलेला केस दिसत होता. मागे सगळं ओल्या पाटीवर हात फिरवल्यासारखं. एक पांढरा डाग, त्याच्यावर एक तपकिरी डाग. पांढरा बनियन आणि तपकिरी नवरा.

दुसऱ्या दिवशी तिचा मोबाईल मागून घेऊन मी रत्नागिरीला बाजारातल्या स्टुडिओत गेले. कॉम्प्युटरवर एक बाई बसली होती, माझ्या सुनेच्या वयाची. ती एका नवरीचा फोटो करत होती. लग्नाआधी भाट्याच्या किनाऱ्यावर काढलेला. नवरी शालू नेसून समुद्राकडे बघत होती, आणि तिच्या मागे भेळवाला, दोन कुत्री आणि कोणाचा तरी काका पँट वर करून पाण्यात उभा. बाईने नवरीच्या कडेने रेघ फिरवली, केसांच्या बटा एकेक करून आत घेतल्या, मग पडद्यावरच्या पट्टीतला काटा उजवीकडे सरकवला. काका विरघळला. कुत्री विरघळली. भेळवाल्याची गाडी लाल-पिवळी होऊन मावळत्या सूर्यासारखी दिसायला लागली.

"असं का करतात?" मी विचारलं.

"लक्ष चेहऱ्यावर जावं म्हणून, आजी."

"काकालापण चेहरा होता."

ती हसली. म्हणाली, "काकांनी थोडीच पैसे दिलेत."

मी तिला मोबाईल दाखवला आणि सांगितलं की हा पुढचा जिवंत आहे, तो मला नको. मागचा मेलाय, तो स्वच्छ करून दे. तिने फोटो कॉम्प्युटरवर घेतला, मोठा केला, अजून मोठा केला. मोठा केला तसा नवरा अजून पसरला.

"आजी, काटा तुमच्या मुलाने डावीकडून उजवीकडे नेलाय. मला वाटतं तुम्हाला वाटतंय की मी तो परत डावीकडे नेईन."

"हो."

"तसा येत नाही. पुसट करता येतं. पुसट झालेलं परत आणता येत नाही. तिथला चेहराच गेलाय."

"मग एवढं मशीन कशाला?"

तिला वाईट वाटलं असावं. म्हणाली, हल्ली एक नवीन निघालंय, कॉम्प्युटर आपल्या मनाने चेहरा भरतो, करून बघू. तिने एक बटण दाबलं. गोल गोल फिरलं, आणि पायरीवर एक माणूस येऊन बसला. गोरा, कोरलेली दाढी, तोंडभर दात. पुढचे, मागचे, सगळे. बनियनची भोकंसुद्धा बुजलेली.

"हा कोण?" मी म्हटलं.

"आजोबा."

"तुझे असतील."

तिने पुन्हा दाबलं. या वेळी चष्मा आला. तिसऱ्यांदा दाबलं तर नवरा पंजाबी झाला. माझ्या नवऱ्याला पुढचे दात नव्हते. पानसुपारीला अडकित्ता नसला तर तो दातानेच सुपारी फोडायचा, त्यात ते गेले. हसला की तिथे काळी खिडकी दिसायची. कॉम्प्युटरला ती खिडकी माहीत असायचं कारण नाही. पण माहीत नाही तर गप्प बसावं. दात कशाला घालायचे?

"बंद कर," मी म्हटलं. "डाग होता तोच बरा. तो निदान त्याचा आहे."

असं बोलून गेले आणि मग मलाच वाटलं, खरंच, भिंतीवर डागच का नको? बाईनेही मान हलवली. फक्त म्हणाली की त्याला एकट्याला कापून मोठा केला तर नुसता डाग राहील. आजूबाजूची पायरी, दार, कोंबडी ठेवू या, म्हणजे माणूस बसलाय हे कळेल. पुढून मुलाला काढते, तिथे खळं भरते, दोन दिवस द्या. तिने एक कागद छापून शेजारच्या फ्रेमवाल्याला मापासाठी दिला. मी त्याला सांगितलं, वर्षश्राद्धाचा फोटो आहे, मोठी फ्रेम कर, चंदनाचा हार घाल. तो दुसऱ्या फ्रेमला खिळे मारत होता. खिळे तोंडात धरून 'हं' म्हणाला. मी तीनची एस.टी. पकडून घरी आले.

दोन दिवसांनी मी खळ्यात आमसुलं सुकत घालत होते. शेजारीण आली. रोज येते ती हाका मारत येते. त्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन मुकाट आली आणि माझ्या बाजूला बसली. मला वाटलं, वर्षश्राद्धाचं काही ठरवायला आली असेल. मग तिच्या मागून तिची जाऊ आली. तीही बसली. मग वाडीतले दोन म्हातारे आले आणि खळ्याच्या कडेला टोप्या काढून उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

शेजारणीने माझा हात धरला. हात आमसुलांच्या रसाने लाल झालेला. "धीर धर गो," ती म्हणाली.

"कशाला?"

"देवाच्या मनात असल तसं व्हतं. एवढं जवान पोर."

"कुणाचं पोर?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुला कळवलं नाय काय? तुझं पोर गेलं ना."

मी खरं सांगते, पुढचं मला धड आठवत नाही. मी आमसुलांवरच बसले असेन, कारण नंतर लुगडं मागून लाल होतं. आणि तेवढ्यात घरात फोन वाजला. शेजारणीची जाऊ धावली आणि फोन आणून माझ्या कानाला लावला.

"आये," मुलगा म्हणाला, "मी मेलो असं सगळे सांगतायत."

"मग कोण बोलतोय?"

"मीच."

"नक्की?"

"आये, काय विचारतेस? सकाळपासून फोन वाजतोय. शाळेतला एक मित्र विचारतो, कधी गेला? मी म्हटलं, कोण? तो म्हणाला, तू. मग त्यानेच घाबरून फोन ठेवला. इकडे ही रडतेय. मी समोर बसलोय तरी रडतेय."

झालं होतं ते असं. फ्रेमवाल्याने मापाचा कागदच फ्रेम केला. त्यात पुढे इस्त्रीचा शर्ट घालून मुलगा, मागे डाग. हार घालायला सांगितलं होतं, त्याने घातला. कुंकवाचा टिळासुद्धा काचेवर लावला, नेमका मुलाच्या कपाळावर. काम चांगलं झालं म्हणून रस्त्याच्या बाजूला लावून ठेवला. आमच्या वाडीतला एक जण बाजाराला गेला होता. त्याने बघितला, मोबाईलवर फोटो काढला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि वाडीच्या ग्रुपवर टाकला. मग सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. एकाने तर 'दिलदार मित्र हरपला' असं लिहिलं. तो मुलाशी गेली तीन वर्षं बोलत नाही, पाण्याच्या पाइपावरून.

मी फोन खाली ठेवला आणि खळ्यातल्या माणसांना म्हटलं, "पोरगं बोलतंय. टोप्या घाला."

म्हातारे ओशाळले. शेजारीण मात्र रागावली, कारण तिने घरी चुलीवर काही ठेवलं नव्हतं. आमच्याकडे शेजारी कोण गेलं तर चूल पेटवत नाहीत. दुपारी ती, तिची जाऊ आणि दोन्ही म्हातारे माझ्याकडेच जेवले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने मी रत्नागिरीला. फ्रेमवाला दुकान उघडत होता. मी आधी हार काढला आणि मग बोलायला लागले. बरंच बोलले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजी, तुम्ही सांगा. एका फोटोत दोन माणसं. एक स्वच्छ, एक पुसट. हार कोणाला घालू?"

"मेलेल्याला."

"मला काय माहीत मेलेला कोण? ज्याचा चेहरा दिसतो त्याला आम्ही हार घालतो. आजपर्यंत चुकलं नाही."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे मला अजून राग आला. टिळा पुसायला त्याच्याकडूनच फडकं मागून घेतलं.

स्टुडिओतल्या बाईने फोटो तयार ठेवला होता. मुलगा नव्हता. तो जिथे उभा होता तिथे खळं आलं होतं, आणि खळ्यात कॉम्प्युटरने आपल्या मनाने एक जादा कोंबडी घातली होती. बाई म्हणाली काढते, मी म्हटलं राहू दे. मधे पायरीवर नवरा. डागच होता. पण आता पुढे कोणी नव्हतं, तर डाग बसलेला दिसत होता. मान वर केलेली कळत होती. एक पाय चपलेबाहेर. तोंडाच्या जागी तपकिरी रंगात मधे थोडं काळं होतं. ती खिडकी होती. बाईला तो छपाईतला दोष वाटला, ती पुसायला निघाली होती. मी तिचा हात धरला.

वर्षश्राद्धाला मुलगा सुनेला घेऊन आला. एस.टी. स्टँडपासून घरापर्यंत त्याला लोकांनी थांबवून थांबवून हात लावून बघितलं. एका म्हातारीने चिमटा काढला. घरी आल्यावर तो भिंतीवरचा फोटो बराच वेळ बघत उभा राहिला.

"मी पुढे उभा राहायला नको होतं, आये."

"उभा राहायला कोण नको म्हणतंय? मागे कोण बसलंय ते ठेवायचं होतंस."

"बनियनला भोकं होती."

"नवीन आणून द्यायचंस."

तो स्वयंपाकघरात जाऊन सुनेला नारळ खवून द्यायला लागला. मुंबईत तो हे करत नाही असं सून म्हणाली.

दुपारी नणंद आली. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली गवळण. चप्पल काढायच्या आधी तिने भिंतीकडे बघितलं.

"ह्यात दादा कुठं हाय?"

"बघ."

"कोंबड्या हायत दोन."

"बाय, मधे बघ."

ती जवळ गेली, लांब गेली, डोळे बारीक केले. पिशवीतून चष्मा काढून लावला, मग काढला. मला वाटलं आता भांडण. गवळण तिच्या काखेत होती, माझ्या हातात लाटणं होतं.

"हसतोय," ती म्हणाली.

मी लाटणं खाली ठेवलं.

"दात नायत ते दिसतंय." मग पदराने नाक पुसलं आणि मागे वळून म्हणाली, "पण वयनी, एवढा कसा गो पुसट काढलास? माझा बघ कसा स्वच्छ हाय."

"तुझ्यातला तो नाय. तुझ्यात गवळण हाय."

तिने विचार केला. भात वाढून झाला, भटजी गेले, जेवणं झाली, तरी ती विचार करत होती. निघताना गवळण परत काखेत घेतली आणि म्हणाली, "मला ह्यातला एक पाठव. छोटा. कोंबड्या नकोत."

पाठवला. कोंबड्यांसकट पाठवला, कारण त्या काढल्या की नवराही जातो असं स्टुडिओतली बाई म्हणाली.

आता घरी कोणी नवीन माणूस आला की भिंतीकडे बघतो आणि विचारतो, "फोटो हलला काय?"

"फोटो नाय हलला," मी सांगते. "पोराने हलवला."

मग तो माणूस जवळ जाऊन बघतो, आणि मी चहा टाकायला आत जाते.